कंपनीचा दवाखाना आणि नोंदवही

महिनाभरापूर्वी शिरपूरच्या एका निवृत्त गुरुजींचे पत्र आले. गुरुजी या सदराचे जुने वाचक आहेत आणि माझ्या शुद्धलेखनाच्या चुका ते नियमितपणे कळवीत असतात. या वेळी मात्र त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. "गडचिरोली जिल्ह्यात लोखंडाच्या खाणवाल्या कंपनीने आदिवासींसाठी दवाखाना बांधला, शाळा काढली, असे वाचले. आपल्या मालेगाव तालुक्याच्या जमिनीखाली असे काही निघाले असते तर आपलेही भले झाले असते. सरकारची वाट पाहत बसण्यापेक्षा कंपनी बरी, असे डॉक्टर म्हणून आपणांस वाटत नाही काय?"

पत्र वाचले आणि टेबलाच्या खणात ठेवून दिले. खाणी आणि कंपन्या हा काही आरोग्याच्या सदराचा विषय नव्हे, असे तेव्हा वाटले. मागच्या गुरुवारी एक रोगी आला, तो गेल्यावर मी ते पत्र पुन्हा बाहेर काढले. त्या रोग्याविषयी पुढे सांगतोच. आधी गुरुजींना उत्तर देतो.

गुरुजींनी वाचलेली बातमी खरी आहे. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. त्या डोंगरातल्या लोहखनिजाचा पट्टा लॉयड्स मेटल्स या कंपनीला २००७ साली मिळाला. तिथे काम सुरू होणे सोपे नव्हते. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी खाणीवरची सत्तरहून अधिक वाहने एका दिवसात जाळली, हे अनेकांना आठवत असेल. पुढे २०२१ पासून उत्खनन जोरात सुरू झाले आणि डोंगराच्या पायथ्याशी, हेडरी या गावी, कंपनीने 'लॉयड्स काली अम्माल मेमोरियल हॉस्पिटल' उभे केले. शाळाही काढली. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री गडचिरोलीत होते. त्या दिवशी चामोर्शी तालुक्यातील कोनसरीला कंपनीच्या कारखान्यासोबत दवाखाना व शाळा यांचेही उद्घाटन झाले. त्याच दिवशी अहेरी ते गर्देवाडा ही एसटी बस पहिल्यांदा धावली. स्वातंत्र्याला तेव्हा ७७ वर्षे झाली होती. एसटी आणि दवाखाना एकाच दिवशी, पण एक सरकारची आणि दुसरा कंपनीचा. बातमीतली ही जोडी माझ्या डोक्यात बसून राहिली आहे.

एटापल्लीहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून दूर आहे. वाटेत जंगल, नाले आणि पावसाळा. आपल्याकडे मालेगावहून वाशीम वीसेक किलोमीटर, अकोला साठेक. तरीसुद्धा अडलेल्या बाईला अकोल्याला पाठवताना माझ्या पोटात गोळा येतो. मग तिकडच्या बाईचे काय होत असेल! पोटात मूल आडवे आले, रक्तस्राव सुरू झाला, मेंदूचा मलेरिया झाला, तर त्या घरच्या माणसाला दवाखान्याच्या पाटीवर सरकारचे नाव आहे की कंपनीचे, याच्याशी काडीचे कर्तव्य नसते. दार उघडे आहे की नाही एवढेच तो पाहतो, आणि त्याचे चुकत नाही. जिथे सरकार पोचले नाही तिथे याआधीही कोणी ना कोणी पोचतच आले आहे. भामरागडच्या जंगलात हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरीचे काम चालू आहे. तेव्हा दवाखाना निघाला म्हणून कोणी नाक मुरडू नये. मी तर मुरडणार नाहीच.

परंतु गुरुजी, मी स्वतः खाणीच्या दवाखान्यात नोकरी केलेली आहे.

नागपूरला एम.बी.बी.एस. झालो आणि १९९४ च्या अखेरीस विदर्भाच्या पूर्वेकडील एका खाणीच्या दवाखान्यात मेडिकल ऑफिसर म्हणून लागलो. खाण कोणती, खनिज कोणते, ते लिहीत नाही. तिथली माणसे अजून आहेत आणि त्यांतली बहुतेक चांगली होती. लग्न व्हायचे होते, पगार वेळेवर होता, क्वार्टर होते, क्वार्टरमध्ये चोवीस तास वीज होती. आमच्या गावी तेव्हा दिवसाला आठ तास भारनियमन असायचे, त्यामुळे घरी पत्र लिहिताना मी विजेचे वर्णन दोन ओळी जास्तच करीत असे.

दवाखाना म्हणावा तर फार चांगला. दहा खाटा, जनरेटर, दोन रुग्णवाहिका, त्यांतली एक नेहमी चालू. औषधांचे कपाट उघडले की नवशिक्या डॉक्टरचे डोळे दिपावेत. इंटर्नशिपमध्ये ज्या सलाईनसाठी नातेवाइकांना बाहेर धाडावे लागे, तिच्या इथे पेट्या रचलेल्या. सर्पदंशाची लस फ्रीजमध्ये तारखेसह मांडून ठेवलेली. शेजारी, नाल्याच्या पलीकडे, दीड किलोमीटरवर गाव होते. गावात सरकारी उपकेंद्राची इमारत होती. तिच्या व्हरांड्यात शेळ्या बसत. नर्सबाई आठवड्यातून एकदा येत, कधी येत नसत.

आमच्या दवाखान्याच्या दारात एक लाकडी खिडकी होती आणि खिडकीत कंपाउंडर. रोगी आला की तो पहिला प्रश्न विचारी, "कार्ड?" हिरवे कार्ड म्हणजे कायम कामगार आणि त्याचे कुटुंब, त्याला सगळे मोफत. पिवळे म्हणजे ठेकेदाराचा माणूस, त्याला फक्त कामावर झालेल्या इजेचे उपचार. कार्डच नाही म्हणजे 'बाहेरचा'. आता गंमत पाहा, खाण ज्या जमिनीवर होती ती जमीन याच 'बाहेरच्या' लोकांची. त्यांचे आजोबा तिथे ज्वारी पेरत.

१९९५ च्या जुलैमधली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ झाले असतील, पाऊस लागलेला. गावातले दोघे जण अकरा वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन आले. पायाला साप चावलेला, पाय पोटरीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. घोणस असणार. कार्ड नाही. 'बाहेरच्या' रोग्याला महागडे औषध द्यायचे तर अधिकाऱ्याची परवानगी लागे, आणि सर्पदंशाची लस महाग. मी काचेच्या स्वच्छ नळीत पोराचे रक्त घेतले आणि उभे करून ठेवले. वीस मिनिटांत रक्त गोठले नाही तर विष भिनले असे समजायचे, ही साधी परीक्षा आजही तशीच करतात. तोवर अधिकाऱ्यांच्या बंगल्यावर फोन लावीत होतो. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली, रक्त पाण्यासारखे वाहिले. फोन अजून लागला नव्हता.

त्या वेळी मी लस टोचायला हवी होती. परवानगी नंतर बघता आली असती. पण मी पंचवीस वर्षांचा होतो, नोकरीला सात महिने झाले होते आणि खिडकीतला कंपाउंडर माझ्याकडे पाहत होता. आणखी वीस मिनिटे मी फोनच फिरवला. शेवटी फोन लागला. साहेब जेवत असावेत. म्हणाले, "द्या, द्या. लहान पोर आहे. पण रजिस्टरला घेऊ नका हं. उद्या सगळा गाव येऊन बसेल."

लस दिली. रात्रभर त्याच्याजवळ बसलो. पहाटे हिरड्यांचे रक्त थांबले. तिसऱ्या दिवशी पोरगा चालत घरी गेला. त्याच्या बापाने मला तुरीच्या शेंगा आणून दिल्या आणि साहेबांच्या बंगल्यावर जाऊन त्यांच्या पाया पडला. साहेब वाईट नव्हते. त्यांनी नियमाबाहेर जाऊन पोर वाचवले होते. पण दवाखान्याच्या वहीत त्या रात्री कोणीच आले नव्हते. औषधाच्या हिशेबात बाटल्या कमी पडल्या, त्या कंपाउंडरने 'फुटल्या' म्हणून दाखवल्या.

तीस वर्षे झाली. ती चाळीस मिनिटे मला अधूनमधून आठवतात. पण जसजसे वय वाढते तसतसे मला त्या चाळीस मिनिटांपेक्षा त्या कोऱ्या पानाचे जास्त वाटू लागले आहे. सरकारी दवाखान्यात लस नसती, तर त्या बापाला निदान ओरडता आले असते. सभापतीकडे जाता आले असते, तुमच्या या वर्तमानपत्राला पत्र लिहिता आले असते, की आमच्या उपकेंद्रात सर्पदंशाची लस का नाही? इथे लस मिळाली म्हणून त्याने पाय धरले, आणि मिळाली नसती तर निमूटपणे परत गेला असता. कारण ती मागण्याचा त्याला काही अधिकार आहे, असे ना त्याला वाटत होते ना मला. आणि गावात वर्षाकाठी किती जणांना साप चावतो याचा आकडा कोणाकडेच नव्हता. उपकेंद्राकडे नव्हता, कारण तिथे कोणी जात नव्हते. आमच्याकडे नव्हता, कारण आम्ही लिहीत नव्हतो. आकडा नाही म्हणून तालुक्याला लस नाही.

दोन वर्षांनी नोकरी सोडली आणि मालेगावला येऊन पाटी लावली.

गुरुजी इतिहासाचे शिक्षक, म्हणून त्यांच्यासाठी थोडे विषयांतर करतो. खनिज आपल्या विदर्भाला नवीन नाही आणि कंपनीने गाव वसवणेही नवीन नाही. १८८२ साली एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. त्यात चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोखंडाची मोठी तारीफ होती. जवळच वरोऱ्याला कोळसा. पण तो कोळसा लोखंड गाळण्याच्या कामाचा निघाला नाही आणि टाटांचा कारखाना शेवटी पूर्वेला, आजच्या जमशेदपूरला गेला. नाही तर भारताची पोलादनगरी आपल्या चंद्रपूरजवळ असती! त्या जमशेदपूरला आजही पाणी, वीज, कचरा हे टाटांच्याच कंपनीकडे आहे, टाटांचे मोठे रुग्णालय आहे, आणि मूळ शहराला निवडून दिलेली महानगरपालिका नाही. शहर नेटके आहे म्हणतात. पण नळाला पाणी आले नाही तर मत कोणाविरुद्ध द्यायचे, हा प्रश्न तिथे शिल्लकच राहतो. आणि जमशेदपूरसारखे शंभर वर्षांहून अधिक टिकणे सगळ्यांच्या नशिबी नसते. वरोऱ्याची कोळसा खाण सरकारनेच १८७१ च्या सुमारास काढली, तिच्यासाठी रेल्वे नेली, आणि १९०६ साली ती बंद झाली. पस्तीस वर्षे. म्हणजे खाण सुरू झाली त्या वर्षी जन्मलेले मूल ती बंद झाली तेव्हा ऐन उमेदीत होते. माणसाला दवाखान्याची खरी गरज पडते ती त्यानंतर. असो.

दुसरी गोष्ट पैशाची. कंपनीने दवाखाना 'दिला' असे आपण सहज म्हणतो. जमिनीखालचे खनिज काही कंपनीने तयार केलेले नसते. ते काढल्याबद्दल ती सरकारला रॉयल्टी देते. २०१५ साली खाणकायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक खाणजिल्ह्यात 'जिल्हा खनिज प्रतिष्ठान' आले. जुन्या पट्ट्यांच्या मालकांनी रॉयल्टीच्या वर आणखी तीस टक्के आणि लिलावात घेतलेल्यांनी दहा टक्के रक्कम या प्रतिष्ठानात भरायची, आणि ती खाणीमुळे ज्यांचे गाव, पाणी, हवा बिघडली त्यांच्यासाठी खर्च करायची, असा नियम आहे. त्यातही किमान साठ टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर, असे तेव्हा ठरले. याशिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे भाग आहे, आणि फक्त स्वतःच्या कामगारांपुरते केलेले काम त्यात धरले जात नाही. म्हणजे माझ्या वेळची ती लाकडी खिडकी आता या पैशातून बांधलेल्या दवाखान्याला लावता येणार नाही. ही सुधारणा मोठी आहे आणि ती मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण मग तो दवाखाना म्हणजे उपकार नव्हे, एवढे तरी त्या गावाला कोणी सांगितले पाहिजे.

आता मागच्या गुरुवारचा रोगी. मेडशीकडचा, वय एकेचाळीस, दिसायला पंचावन्नचा. कोरडवाहू तीन एकर, म्हणून वीस-बाविसाव्या वर्षीच कामाला बाहेर पडला. आधी वीटभट्टी, मग ऊस, मग एका ठेकेदाराबरोबर राज्याबाहेरच्या एका खाणीवर. तिथे नऊ वर्षे ड्रिल मशीन चालवली. खडकाला भोक पाडायचे, त्यात बार भरायचा, बार उडाला की पुन्हा भोक. दोन वर्षांपूर्वी धाप लागू लागली म्हणून ठेकेदाराने काम सोडायला लावले.

"धाप लागते, डाक्टरसाहेब. बैलाले पानी पाजाले गेलो तरी बसा लागते."

खोकला, वजन घटलेले, ताप नाही. छातीला नळी लावली. विचारले, "तिकडे कधी दाखवले होते का?"

"व्हता न दवाखाना कंपनीचा. लय चांगला. गोया फुकट, सुई फुकट. डाक्टरही भला माणूस व्हता जी. टीबी हाय म्हने. दोन डाव कोर्स देल्ला."

"थुंकी तपासली होती?"

"फोटो काहाडला छातीचा. मंग गोया देल्ल्या."

"तो फोटो कुठे आहे? कागद?"

"कागद तिथंच राह्यते जी. काम सुटलं तवा कार्डही घेतलं वापस."

दोन वेळा क्षयाचे उपचार आणि घरात एकही चिटोरा नाही. क्षयाचा रोगी सापडला की खाजगी डॉक्टरनेही सरकारला कळवायचे, हा नियम २०१२ पासून आहे. त्याचे नाव कोणी कळवले होते का, हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही. मी त्याचा एक्स-रे काढला. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात साबुदाणा सांडल्यासारखे बारीक बारीक ठिपके. थुंकी ग्रामीण रुग्णालयात तपासून घेतली, क्षयाचे जंतू नाहीत. हा एक्स-रे क्षयासारखा दिसतो आणि क्षय नसतो. नऊ वर्षे कोरड्या ड्रिलचा इतिहास जोडला की शंका एकाच रोगाची येते, सिलिकोसिस. पक्के निदान अकोल्याच्या शासकीय महाविद्यालयातील छातीचे तज्ज्ञ करतील, त्यासाठी चिठ्ठी दिली आहे.

सिलिकोसिस म्हणजे काय, ते थोडक्यात. खडकात, विशेषतः गारगोटीसारख्या दगडात, सिलिका असते. खडक फोडताना तिची इतकी बारीक धूळ होते की ती डोळ्याला दिसत नाही. दिसते ती जाड धूळ नाकातच अडकते. न दिसणारी फुप्फुसाच्या तळाशी जाते आणि तिथून परत निघत नाही. तिच्याभोवती फुप्फुस जखम भरल्यासारखे कडक होत जाते. काम सोडल्यावरही हे वाढू शकते. त्याला औषध नाही. शिवाय अशा फुप्फुसात क्षय लवकर घर करतो, म्हणून दोन्ही रोगांची गल्लत होते आणि कधी दोन्ही एकत्रही असतात. नाकाला रुमाल बांधण्याचा उपयोग मनाच्या समाधानापुरता. रुमालाच्या विणीतून ही धूळ आरामात जाते. खरा उपाय खाणीवरच आहे. ड्रिल करताना पाण्याची धार सोडायची म्हणजे धूळ उडतच नाही. त्याला थोडे पाणी आणि थोडा वेळ लागतो, आणि ठेकेदाराला दोन्हीची टंचाई असते.

आपल्याकडच्या गिट्टी खदानीवर काम करणारे विचारतील, म्हणून सांगतो. आपला काळा दगड, त्यात मोकळी सिलिका कमी असते. समृद्धी महामार्गाचे काम चालू असताना या भागातल्या क्रशरवर राबलेल्या सगळ्यांनी लगेच घाबरून जाऊ नये. पण धूळ ती धूळच. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर छाती तपासून घ्या, आणि डॉक्टरने विचारले नाही तरी 'मी क्रशरवर होतो' हे आपणहून सांगा. आम्ही डॉक्टर धंदा विचारायला विसरतो. मीही विसरतो.

तिथला डॉक्टर भला माणूस होता, हे या रोग्याचे म्हणणे मला खरे वाटते. मीही भलाच होतो. पण खाणीच्या पगारावरच्या डॉक्टरने खाणीच्या कामगाराच्या कागदावर 'हा रोग खाणीमुळे झाला' असे लिहिणे किती अवघड असते, ते मी जाणतो. क्षय लिहिले की तो जंतूचा दोष. सिलिकोसिस लिहिले की नुकसानभरपाई आली, निरीक्षक आला, पाण्याची धार आली. त्या डॉक्टरने जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. एक्स-रे फसवा असतो आणि क्षय आपल्या देशात इतका आहे की पहिला संशय त्याचाच येतो. पण गोळ्या फुकट देणारा, रोगाला नाव देणारा आणि त्या नावाचा भुर्दंड भरणारा, हे तिघे एकाच छपराखाली बसू नयेत. गुरुजी, 'कंपनी बरी' याला माझी हरकत आहे ती एवढीच. कंपनीने दवाखाना जरूर बांधावा. पण जन्ममृत्यूची नोंद, लसीकरण, क्षयरोग्यांची यादी, कोणाला कशामुळे काय झाले याची वही, ही ज्याला जाब विचारता येतो त्याच्याच हातात पाहिजे. आदिवासी भागात वीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, हा सरकारचाच नियम आहे. शेजारी कंपनीचा चांगला दवाखाना आहे म्हणून ते केंद्र ओस पडले, तर खाण संपेल त्या दिवशी गावाकडे दोन्ही नसतील.

आपला वाशीम आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे २०१८ साली देशातल्या मागास, म्हणजे सरकारी भाषेत 'आकांक्षित', जिल्ह्यांच्या यादीत बसले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी दोन्ही जिल्ह्यांच्या नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटनही एकाच कार्यक्रमात झाले. आपल्याकडे लोखंड नाही, कोळसा नाही, त्यामुळे आपल्याला जे काही मिळायचे ते याच वाटेने, रखडत आणि भांडून. गुरुजींना हे दुर्दैव वाटते. मला अलीकडे तसे वाटेनासे झाले आहे. इथे १०८ ची गाडी उशिरा आली तर लोक माझ्या दारात येऊन शिव्या देतात. शिव्या मला बसतात, पण गाडी आपली आहे हे त्यांना ठाऊक असते.

ज्यांची मुले खाणीवर, क्रशरवर जात असतील त्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या आहेत. कामाला जाण्यापूर्वी छातीचा एक फोटो इथेच काढून घरी ठेवा. पुढे 'हा रोग आधीचाच' असे कोणी म्हटले तर तो फोटो बोलेल. आणि ठेकेदाराचे कार्ड, हजेरीची चिठ्ठी, दवाखान्याचा कागद, काहीही हातात आले की त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून घरी पाठवायला सांगा. खाणीचे पूर्ण नाव आणि गाव लिहून ठेवा. 'तिकडं खदानीवर' एवढ्यावर भरपाई मिळत नाही.

एक कबुली. खाणीत काम केलेल्या माणसाला असा रोग झाल्याचा संशय आला, तर त्याच्यावर उपचार करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरने ते खाणखात्याच्या मुख्य निरीक्षकाला लेखी कळवले पाहिजे, असे १९५२ च्या खाण कायद्यात होते. काम सुटून गेले असले तरी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली, तिच्यातही ते आहे. जुन्या कायद्यात न कळवणाऱ्या डॉक्टरला दंड होता, पन्नास रुपयांपर्यंत. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी असे पत्र एकदाही लिहिले नव्हते. खाणीवरून परतलेले, धाप लागलेले किती जण या टेबलासमोरून गेले असतील, मला सांगता येणार नाही, कारण मीही ते कुठे लिहून ठेवलेले नाही.

हे पहिले पत्र परवा टपालाने धनबादला, खाण सुरक्षा महासंचालनालयाला पाठवले. रोग्याचे नाव, पत्ता, संशयित रोग, आणि शेवटची खाण. खाणीचे नाव त्याला नीट सांगता येईना. ठेकेदाराचे नाव पाठ होते, खाणीचे नव्हते. शेवटी त्याच्या बायकोने पत्र्याच्या पेटीतून एक जुनी प्लास्टिकची पिशवी आणली. दिवाळीला कंपनीने मिठाई वाटली होती, ती याच पिशवीतून. पिशवीवर खाणीचे नाव आणि पिनकोडसह पत्ता छापलेला होता. तो उतरवून घेतला आणि पिशवी जपून ठेवायला सांगितली आहे. येत्या मंगळवारी तो अकोल्याला जाईल. गाडीभाड्याची सोय झाली आहे.